दोघांनी यायचं

बँकेतल्या बाईंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे अर्धवट वळवला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एका ओळीवर टिचकी मारली. “हे जामीनपत्र तुमचंच ना?” तो जेवणाच्या सुट्टीत फक्त व्याजाचा दर विचारायला आला होता. पहिलीच गाडी, तीही लहान, कुठल्या कर्जाने घ्यावी एवढं विचारून परत जायचं असा बेत. पडद्यावर त्याचं पूर्ण नाव होतं, त्याच्या पुढे बहिणीचं, आणि मधल्या चौकटीत ‘नातं: बहीण’. दर महिन्याच्या पाच तारखेला तो तिच्या कर्जाचा हप्ता भरत आला होता, त्यामुळे नवीन असं त्यात काहीच नव्हतं. पण इतकी वर्षं ही गोष्ट फक्त त्याच्या डोक्यात होती, तिथे तिला आकार नव्हता, आणि इथे ती चांगल्या ठळक अक्षरांत कुणीही यावं आणि वाचावं अशी बसलेली होती. “माझंच,” तो म्हणाला. बाई म्हणाल्या, अडचण काहीच नाही. एकही हप्ता चुकलेला नाही, उलट चांगलंच दिसतं. दर कमीतला कमी लावता येईल. “फक्त सोमवारी दोघांनी यायचं. मिसेस सहकर्जदार राहतील म्हणालात ना, मग जे जे चालू आहे ते मी दोघांसमोर मोठ्याने वाचते. मग दोघांच्या सह्या.” मोठ्याने कशाला, असं त्याने हसत विचारलं. हसू त्याचं त्यालाच खोटं वाटलं. “वाचून सही करा म्हटलं की कुणी वाचत नाही हो,” बाई म्हणाल्या. “मागे एका जोडप्याचं याच टेबलावर भांडण झालं, सह्या झाल्यानंतर. सगळे कागद फाडावे लागले. तेव्हापासून भांडण सहीच्या आधी होऊ देते.” आणि त्यांनी पडदा परत आपल्याकडे वळवून घेतला.

प्रयोगशाळेत परतताना तो नेहमीच्या रस्त्याने न जाता उगाचच लांबच्या रस्त्याने गेला. प्रयोगशाळा म्हणायची, पण होत्या तीनच खोल्या, आणि तिथे दात बनत. दंतवैद्य तोंडाचे ठसे पाठवायचे, त्यात प्लास्टर ओतून साचे काढायचे, साच्यांवर दात, कवळ्या, दातांवर चढवायच्या टोप्या बनवायच्या आणि डब्यात घालून परत पाठवायच्या. बावीस वर्षं तो हेच करत होता आणि ज्यांच्या तोंडात त्याचं काम गेलं त्यांतला एकही माणूस त्याने पाहिलेला नव्हता. डब्यावर नाव नसतं, नंबर असतो. कुठे टोचतंय का, हा प्रश्न दंतवैद्य विचारतात. त्याच्यापर्यंत फक्त चिठ्ठी येते, ‘डावीकडे अर्धा मिलिमीटर कमी करा.’ त्याला हे आवडायचं. अर्धा मिलिमीटर कमी करता येतो. चालता चालता त्याची जीभ सवयीने दातांच्या मागच्या बाजूवर फिरत होती आणि डोक्यात ऑगस्ट महिना फिरत होता, पाच वर्षांपूर्वीचा. त्याच्याही वर्षभर आधी ताई आली होती. नवऱ्याचं घर सोडून तिला तीन वर्षं झाली होती आणि शाळेच्या गणवेशांचं दुकान टाकायचं तिच्या मनात होतं. जागा बघितली होती, शिलाईची चार यंत्रं ठरवली होती, एका खासगी कंपनीचं कर्जही मिळत होतं. कुणाची तरी सही तेवढी हवी होती. बायकोने आधीच त्याला बजावलं होतं, “ताईंना पैसे द्यायचे तर दे, असतील तेवढे दे, पण सही कुठे करू नकोस.” तिने हे रागाने म्हटलं नव्हतं, भाजी निवडता निवडता म्हटलं होतं. म्हणूनच बहुतेक त्याला ते तितकंसं खरं वाटलं नाही. ताईने त्याला लहानपणी हाताला धरून शाळेत नेलं होतं. सही करायला दोन सेकंद लागले.

दुकान चौदा महिने चाललं. मग रस्त्याच्या पलीकडे मोठं दुकान आलं, ताईने हाय खाल्ली, यंत्रं विकली, मुलाकडे राहायला गेली, आणि चौऱ्याऐंशी हप्त्यांतले उरलेले सत्तर याच्या अंगावर आले. पहिला हप्ता ऑगस्टमध्ये. त्याच आठवड्यात बायकोच्या नावाचं पत्र आलं होतं. ती लोकांच्या घरी जाऊन त्यांचे आखडलेले खांदे, गुडघे, हात मोकळे करून देण्याचं काम करते, फिजिओथेरपिस्ट. तिला लहान मुलांच्या हातांवरचे उपचार शिकायचे होते, दोन वर्षांचा अभ्यासक्रम, चाळीस जागा, आणि चाळिसांत तिचं नाव होतं. ते पत्र तिने त्याच्या ताटाशेजारी ठेवलं होतं आणि तो वाचेपर्यंत ती पाणी प्यायली नव्हती. त्याने हिशेब केला. हप्ता आणि फी दोन्ही बसत नव्हतं. तो म्हणाला, “यंदा हात जरा आखडता आहे. पुढच्या वर्षी बघू.” ती “बरं” म्हणाली. पुढच्या वर्षी तिने विचारलं नाही आणि त्याने विषय काढला नाही. हप्त्यासाठी तो शनिवारीही कामाला जाऊ लागला. शनिवारचे पैसे मालक वेगळे द्यायचा, रोख, पाकिटात, आणि घरी त्याने सांगितलं की मालक शनिवार धरतच नाही, काम फार आहे म्हणून फुकट राबवून घेतो. हे खोटं इतकं सहज जमलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. बायकोने त्या दिवसापासून मालकाशी जो अबोला धरला तो धरलाच. तो बिचारा सरळ माणूस, रस्त्यात भेटला की वाकून ‘काय वहिनी’ म्हणायचा, आणि ही समोरून न बघता जायची. मालकाच्या मुलीच्या लग्नालाही ती गेली नाही. “माझ्या नवऱ्याला ओरबाडणाऱ्याच्या घरी मी जेवणार नाही,” म्हणाली. तो एकटा गेला, आणि मालकाने दोन माणसांचं जेवण बांधून दिलं.

शुक्रवारी तो शोरूमला गेला. आपण नुसती तुलना करायला जातो आहोत असं त्याने स्वतःला सांगितलं. शोरूमच्या काचा इतक्या स्वच्छ होत्या की आत शिरताना तो हात पुढे करून चालला. निळ्या टायवाल्या विक्रेत्याने त्याला यंत्रातली कॉफी आणून दिली, गाडीच्या दारावर हात ठेवला आणि म्हणाला, “सर, आमचं कर्ज म्हणजे वीस मिनिटं. फक्त तुमची सही. बाकी कुणाला आणायची गरज नाही.” दर किती, हे त्याने विचारलं. टायवाल्याने एक आकडा सांगितला. बँकेपेक्षा महिन्याला सातशे चाळीस जास्त, पाच वर्षं. “एवढा वर का?” टायवाल्याने आपल्या हातातल्या पडद्याकडे बघितलं, मग याच्याकडे, आणि आवाज न चढवता, न उतरवता म्हणाला, “तुमचं एक जामीनपत्र चालू आहे ना सर. म्हणून. आम्हाला दिसतं ते, पण आम्ही ते बोलत नाही.” त्याने हे इतक्या समजूतदारपणे म्हटलं की याला त्याचा आधार वाटला आणि लगेच त्या आधाराची किळस आली. म्हणजे गप्प बसण्याचे सातशे चाळीस. पाच वर्षांचे चव्वेचाळीस हजार चारशे. त्याने मनातल्या मनात तो आकडा उलटसुलट करून बघितला, फार नव्हता. शनिवार होतेच. ताईचे हप्ते आणखी अकरा महिन्यांत संपतील, मग तेच शनिवार इकडे लावायचे. कुणाला काही कळणार नाही. गाडीत बसून बघा म्हटल्यावर तो बसला, चालवणाऱ्याच्या शेजारच्या जागेवर, कारण चालवायला बायकोच शिकली होती. स्टिअरिंगसमोर कुणीच नव्हतं. कोऱ्या गाडीचा वास त्याच्या डोक्यात चढला आणि तो दार उघडून बाहेर आला. “उद्या किंवा सोमवारी येतो,” त्याने सांगितलं.

संध्याकाळी बायको जमिनीवर पाय पसरून बसली होती आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पट्टीने रेघा मारत होती. गाडी तिलाच लागणार होती. घडीचं स्टूल, वाळूच्या वजनांची पिशवी, रबरी पट्टे, सगळं खांद्याला लावून ती रोज दोन बस बदलत पाच घरं करायची, आणि दुसऱ्यांचे खांदे सोडवून आली की आपला खांदा धरून बसायची. गाडी चालवण्याच्या परीक्षेत ती पहिल्या फटक्यात पास झाली होती. पानावर तिने दोन रकाने केले होते, एकावर ‘बँक’, एकावर ‘शोरूम’. “शोरूमवाले काय म्हणाले?” तिने विचारलं. त्याने आकडा सांगितला. तिने तो लिहिला, बँकेचा लिहिला, आणि पेन खाली ठेवलं. “मग प्रश्नच नाही. बँक.”

“बँकेवाल्यांचं किचकट असतं गं. सतरा कागद मागतात.”

“मागू देत. कागद आहेत आपल्याकडे.”

“नाही नाही ते विचारतात.”

“विचारू देत की,” ती म्हणाली. “विचारणारा माणूस बरा. माझे काही पेशंट असतात ना, कुठे दुखतं ते न सांगता नुसते बरं करा म्हणतात. त्यांचं काहीच करता येत नाही.” मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “तुला शोरूमचं का हवंय? महिन्याला सातशे चाळीस जास्त देऊन? तू तर मोजे फाटले तरी टाकत नाहीस.” तो म्हणाला, हवंय असं नाही, लवकर होतं म्हणून. “इतकी वर्षं थांबलो, आणखी आठ दिवसांनी काय होतं,” ती म्हणाली आणि बँकेच्या रकान्याभोवती तिने एक गोल काढला. तिच्या त्या ‘इतकी वर्षं’मध्ये काही होतं की नव्हतं हे त्याला कळेना. तो उठून खिडकीशी गेला, परत आला, पाणी प्यायला, नळ नीट बंद केला की नाही ते दोनदा पाहिलं. ती म्हणाली, “बस ना जरा. पायाला भिंगरी लागल्यासारखा काय फिरतोयस?”

शनिवारी सकाळी ठशांची पेटी आली. त्याने एकेक ठसा धुतला, प्लास्टर कालवलं, ओतलं, आणि घट्ट झाल्यावर साचे सोडवायला घेतले. चारशे सतरा नंबरचा खालचा जबडा हातात घेतला आणि त्याचा हात थांबला. डावीकडचा सुळा शेजारच्या दातावर किंचित चढलेला. त्याने वरचा साचा घाईने सोडवला. पुढच्या दाताचा कोपरा उडालेला, तिरका, नखाएवढाही नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात पडद्याची दोरी दातांनी तोडताना तो उडाला होता, आणि दोघं जमिनीवर बसून तो कपचा शोधत खूप हसले होते. त्याने चिठ्ठी पाहिली. ‘४१७. स्त्री, वय ३९. झोपेत दात खाते. रात्री घालायला पट्टी करून देणे.’ कुठल्या दंतवैद्याकडे ती गेली, कधी गेली, त्याला काहीच माहीत नव्हतं. त्या दवाखान्याचं काम आपल्या नवऱ्याकडे येतं हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं; डब्यावर प्रयोगशाळेचं कुठे नाव असतं. त्याने साचा दिव्याखाली धरला. दाढांचे उंचवटे गेले होते. घासून घासून सपाट झाल्या होत्या, सुळ्यांची टोकं आडवी कापल्यासारखी. असे साचे त्याने शेकड्यांनी पाहिले होते आणि एका नजरेत सांगायचा, हा माणूस किती वर्षं दात खातोय. मालक आत आला, त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि सहज म्हणाला, “बापरे. चारपाच वर्षं तरी असेल हे. काय सोसत असेल कोण जाणे.” आणि शनिवारचं पाकीट टेबलावर ठेवून गेला.

चारपाच वर्षं त्याच्या शेजारी झोपून ती रोज रात्री हे करत होती आणि त्याला ऐकू आलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांवर वाकलेला तो आडवा पडला की मेल्यासारखा झोपायचा. खाली वाकून, डोळ्याला भिंग लावून तो त्या सपाट दाढा पाहत राहिला आणि त्याला रडू आलं. प्लास्टरची धूळ गेल्यासारखे त्याने डोळे पुसले. हे त्या पत्रामुळे असेल. नसेलही. दोन बसमुळे असेल, खांद्यामुळे असेल, तिच्या आईच्या आजारपणामुळे असेल. दाढांवरून वर्षं कळतात, कारण कळत नाही. कारण कळायला विचारावं लागतं, आणि तिला विचारायचं तर आधी आपण सांगावं लागतं. त्याच्या आत इतके दिवस जे फिरत होतं ते इथे येऊन अडलं आणि पुढे जाईना. तिला कळलं तर काय होईल याचीच तो भीती बाळगत आला होता, आणि इथे त्याच्या हातात तिचा जबडा होता, ज्यावर व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं. त्याने पट्टी करायला घेतली. इतक्या हळू त्याने आयुष्यात कधी काम केलं नव्हतं. कडा तीनतीनदा घासल्या, स्वतःच्या ओठाच्या आतून फिरवून पाहिल्या. चारशे सतराचा डबा त्याने बाकीच्यांबरोबर पाठवला नाही. मालकाला म्हणाला, “हा मी स्वतः पोचवतो.”

रविवारी त्याने चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा भलतंच बोलला. एकदा विचारलं, गाडी कुठे लावायची. एकदा नळाचं बोलला. दुपारी टायवाल्याचा फोन आला, “सर, आज सही केलीत तर सीटकव्हर आमच्याकडून.” बायको शेजारच्याच खोलीत रबरी पट्टे गुंडाळत होती. हो म्हणायला त्याला दोन सेकंद लागले असते. “आम्ही बँकेचं घेतोय,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सोमवारी ते दोघं बाईंच्या टेबलासमोर बसले. डबा त्याच्या खिशात होता आणि मांडीला लागत होता. बाईंनी चष्मा पुसला आणि खरोखरच मोठ्याने वाचायला सुरुवात केली, शाळेत धडा वाचतात तसं. आधी बायकोचं: कर्ज नाही, जामीन नाही. मग त्याचं. “जामीनदार म्हणून एक. मूळ कर्जदार: बहीण. हप्ते चौऱ्याऐंशी. पंधराव्या हप्त्यापासून भरणा जामीनदाराकडून. भरलेले एकूण त्र्याहत्तर, बाकी अकरा.” शेजारच्या खिडकीत कुणीतरी नोटा यंत्रात घातल्या, ते फडफडलं आणि थांबलं. “बरोबर आहे?” बाईंनी त्याला विचारलं. “बरोबर आहे,” तो म्हणाला. मग बाईंनी बायकोकडे मान वळवली. “मॅडम, तुम्हाला हे माहीत होतं ना?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या कानाखाली, जबडा जिथे वळतो तिथला स्नायू टरारून वर आला, घट्ट झाला, आणि तसाच राहिला. बावीस वर्षं प्लास्टरमध्ये ज्याचा परिणाम पाहिला ते त्याला पहिल्यांदा जिवंत दिसत होतं. “हो,” ती म्हणाली. “माहीत होतं.” तिने पेन मागितलं, तीनही जागी सही केली, तारीख घातली, आणि पेन टोपण लावून परत दिलं. परक्या बाईसमोर तिने त्याला उघडं पाडलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

बाहेर बसथांब्यावरच्या बाकावर ती बसली. तो उभा राहिला, मग बसला. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, “म्हणजे मालक शनिवारचे पैसे देतो.”

“पहिल्यापासून.”

“आणि मी त्या माणसाच्या मुलीच्या लग्नाला गेले नाही.” तिने बँकेचे कागद पिशवीत घातले. “गाडी मला हवीय. घेणार आहे मी ती. त्याचा आणि ह्याचा संबंध लावू नकोस.” तो “नाही लावणार” म्हणाला. तिने विचारलं, “पंधरावा हप्ता कुठल्या महिन्यात होता?”

“ऑगस्ट.”

तिने मान हलवली. महिना तिला आधीच कळला होता, आकडे वाचले जातानाच तिने तो मोजला होता. त्याने खिशातून डबा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. झाकणावर त्याच्याच अक्षरात चारशे सतरा लिहिलेलं होतं. तिने तो उघडला आणि आतली पारदर्शक पट्टी पाहिली. “तुझ्याकडे आलं होतं हे?” तिने विचारलं. “कधी कळलं?”

“शनिवारी. उडालेल्या कपच्यावरून.”

“आणि तू हे करत बसलास. विचारलं नाहीस.”

“नाही विचारलं,” तो म्हणाला. “मला भीती वाटते. तू काय सांगशील त्याची.” हे एवढंसं वाक्य त्याने तिला कधीच म्हटलं नव्हतं. मग तिने पट्टी उचलली आणि तिथेच, भर रस्त्यात, तोंडात बसवली. दात मिटले, उघडले, परत मिटले. पट्टी कुठेही अडली नाही. क्षणभर त्याला आपल्या कामाचा अभिमान वाटला आणि त्या अभिमानाची लाज वाटली. तिने ती पुन्हा काढून हातात धरली.

“नीट बसलीय,” ती म्हणाली. “आता मला त्या ऑगस्टचं सांग. पहिल्यापासून सांग, ताई आल्या तिथपासून. मी मध्ये बोलणार नाही. तुझं झालं की मग मी सांगते, माझं काय झालं ते. ते तुला ऐकावं लागेल.” आणि तिने पट्टी परत लावली, ओठ मिटले, हात मांडीवर ठेवले आणि त्याच्याकडे तोंड करून बसली. त्यांची बस आली. दार उघडलं. चालकाने दोघांकडे पाहिलं, थोडा थांबला, दार लावलं आणि बस निघून गेली. तिच्या कानाखालचा तो स्नायू पुन्हा वर आलेला त्याला दिसत होता.

“ताई सकाळीच आली होती,” तो म्हणाला. “तू कामाला गेली होतीस. दार मी उघडलं.”